वाळूतलं निशाण

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब.

तुमच्या कागदाची तिसरी ओळ अशी आहे: 'घटनास्थळी धोक्याचा लाल झेंडा उभा होता आणि तो मृत इसमास व त्याच्या कुटुंबीयांस स्पष्ट दिसत होता.' कागद हिंदीत आहे, मराठी मी केलंय. खाली सही माझी आहे. कौसल्या ढेंबरे, मृताची बहीण.

झेंडा होता. उभा होता. आम्हाला दिसला होता. शब्द न् शब्द खरा आहे आणि ओळ खोटी आहे. मी शिवणकाम करणारी बाई आहे, मला हे कळतं. एकेक टाका नीट पडलेला असतो आणि तरी झंपर उलटा शिवलेला असतो.

तुमचं नाव मी इथं घालत नाही. बेटाचंही घालत नाही. अंदमानात बेटं पुष्कळ आहेत. तुमचं तुम्हाला समजेल.

त्या सकाळी आमची आई हॉटेलच्या पायरीवर अडून बसली होती.

"हितला देव कुटला हाय?" ती हॉटेलवाल्याला विचारत होती. मराठीतच.

"अम्मा, मंदिर बाज़ार में है।"

"बाजारातला न्हवं रं बाबा. पाण्याचा. पाण्याच्या कडंचा."

हॉटेलवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी हरीकडं बघितलं. हरी, माझा धाकटा भाऊ, खांद्यावर टॉवेल टाकून, अर्धी चड्डी घालून उभा होता. बार्शीच्या पोस्टाच्या खिडकीमागं बावीस वर्षं शर्टाची वरची गुंडी लावून बसलेला माणूस अर्ध्या चड्डीत कसा दिसतो ते आम्ही सगळे त्या दिवशी पहिल्यांदाच बघत होतो. त्याची बायको वैजयंता तोंडाला पदर लावून हसत होती.

"आई, हा समुद्र आहे," हरी म्हणाला. "समुद्राला कसला देव? तोच देव."

"आन् आसरा?"

"आसरा आपल्याकडं. विहिरीवर."

"पाणी तितं आसरा. न विचारता पाण्यात पाय घालायचा न्हाई. तुझा बा गेला न्हाई कवा."

आमच्या भागात प्रत्येक विहिरीच्या काठाला सात दगड मांडलेले असतात. शेंदूर लावलेले. त्या साती आसरा. पाण्याच्या बाया. नवीन पाण्यात उतरायच्या आधी त्यांची ओटी भरायची, नारळ फोडायचा, मग उतरायचं. नाही केलं तर त्या माणूस ओढून नेतात. आमच्या वडिलांनी गावातल्या निम्म्या पोरांना विहिरीत पोहायला शिकवलं, पण दर उन्हाळ्याला पहिला नारळ आसरांचा. हरी त्याच विहिरीत तीन वर्षांचा असल्यापासून पोहत होता. पोहण्यात त्याच्या तोडीचा माणूस आमच्या पंचक्रोशीत नव्हता.

आम्ही पाच जण होतो. हरी केंद्र सरकारच्या नोकरीत, त्याला कुटुंबासह प्रवासाची सवलत होती. पत्नी, मुलगी, विधवा आई. आणि चौथ्या रकान्यात मी. नवऱ्यानं टाकलेली बहीण.

"अक्का," फॉर्म भरताना तो म्हणाला होता, "इथं 'अवलंबित' असं लिहावं लागतंय. राग मानू नकोस."

"लिही की. तुझ्या सगळ्या पँटी मी शिवल्यात. कोण कुणावर अवलंबून आहे ते तुझ्या कमरेला विचार."

त्यानं लिहिलं, आणि आम्ही निघालो. चेन्नईपर्यंत रेल्वे, मग विमान, मग दोन बोटी. आईनं आयुष्यात तुळजापूरच्या पुढं काही बघितलं नव्हतं. बोटीच्या कठड्याला धरून ती म्हणाली, "एवढं पाणी देवानं हितं सांडलं व्हय! म्हनून आपल्याकडं पुरलं न्हाई."

तर ती पायरीवर बसली आणि उठेना. हरीची मुलगी ऋतुजा तेव्हा तेरा वर्षांची. ती रडकुंडीला आली. "आज्जी, उद्या आपण परत जाणार. एकदापण पाण्यात गेले नाही मी."

"जाशील की. आदी मला आसरा दावा."

शेवटी हरी म्हणाला, "चल. समुद्रावर जाऊन शोधू. सापडल्या तर ओटी, नाही सापडल्या तर तू काठावर बसून नवीन मांड."

हे त्याचं वाक्य मी विसरलेली नाही.

शेजाऱ्यांकडून मागून आणलेला कॅमेरा पाण्यानं बिघडेल म्हणून त्यानं खोलीतच ठेवला. हेही विसरलेली नाही.

किनाऱ्याच्या तोंडाशी एक बंगाली बाई शहाळी विकत होती. आईला शहाळं चालेना. "शेंडी कुटंय ह्याला? हिरवा नारळ देवाला देतंय का कुणी?" मी मोडक्या हिंदीत सांगितलं. बाईनं टोपलीखालून एक वाळका, सालासकट नारळ काढला. हरीनं तिचा कोयता मागून घेतला आणि आईच्या देखरेखीखाली नारळ सोलला.

"शेंडी ऱ्हाऊ दे. तिकडून न्हवं, इकडून. पोस्टात हेच शिकलास व्हय?"

"पोस्टात नारळ सोलायला कुठं असतात, आई?"

"मग काय सोलता तितं?"

"लोकांना," वैजू म्हणाली. आम्ही सगळे हसलो. ती बंगाली बाईसुद्धा हसली, काही न समजून.

"पूजा?" तिनं मला विचारलं.

"पूजा," मी म्हटलं.

तिनं दोन बोटं कपाळाला लावली. तिचं नाव मालोती, ते मला संध्याकाळी कळलं.

समोर पाण्यात शंभरेक माणसं होती. पोरं, नवी जोडपी, रबराच्या नळ्या घेतलेले बाप. लाटा गुडघ्यावर फुटत होत्या आणि सगळे किंचाळत होते. आम्ही तिथंच उतरलो असतो तर आज मी हे लिहीत बसले नसते. पण आई थांबली नाही. "हितं माणसांचा चिखल झालाय, हितं कुटल्या आसरा," म्हणून ती डावीकडं चालायला लागली. अनवाणी. आम्ही तिच्या मागं. दहा मिनिटं चाललो. माणसं संपली. लाकडाची एक उंच खुर्ची आली, शिडी लावलेली, वर कुणी नाही. खुर्चीच्या पाठीला एक टॉवेल वाळत घातलेला. त्याच्या पुढं काळे खडक आणि खडकांच्या अलीकडं मोकळी वाळू.

तिथं ते पडलं होतं.

एक बांबू, पुरुषभर उंचीचा, आडवा. निम्मा वाळूत पुरलेला. त्याच्या टोकाला कापड. मुळात कुठल्या रंगाचं होतं ते उन्हानं खाऊन टाकलं होतं. आम्ही बघितलं तेव्हा ते भगवं होतं. फिकट, देवळावरच्या जुन्या निशाणासारखं भगवं. वाऱ्यानं शेवट फाटून दोन जिभा झाल्या होत्या. अगदी तशाच.

"बगा!" आई ओरडली. ती धावली. अडुसष्ट वर्षांची बाई वाळूत धावली. "म्हनलं न्हवतं? निशाण हाय! देवाचं निशाण पडलंय आन् एकाला उचलायची बुद्धी न्हाई!"

"आई, आसरांना कुठं निशाण असतं?" मी म्हटलं.

"ही समुद्राची आसरा हाय. मोटी आसंल."

हरी बांबूभोवती फिरला. त्यानं कापड हातात घेऊन उलटसुलट केलं. कुठं अक्षर नाही, पाटी नाही, चित्र नाही. मी स्वतः बघितलं. मी सातवीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं कापड बेतायच्या जुन्या वर्तमानपत्रांवर वाचून शिकले. जिथं अक्षर असेल तिथं माझा डोळा जातोच. तिथं अक्षर नव्हतं.

"उबं कर," आई म्हणाली.

हरीनं हातानं खड्डा केला. ओली वाळू लागेपर्यंत, कोपरभर खोल. बांबू त्यात रोवला, पायानं दाबला, हलवून बघितला. हलेना. पोस्टातला माणूस, पार्सलाला सुतळी बांधतात तशी त्यानं सगळीकडून खात्री केली. ऋतुजानं खडकांतून पांढरे दगड वेचून आणले. आईनं सातच घेतले आणि बांबूच्या पायाशी एका ओळीत मांडले.

"कुंकू लाव गं," आई वैजूला म्हणाली. आई विधवा, ती लावणार नाही, मी टाकलेली, मला ती सांगणार नाही. सवाष्ण तिथं एकच होती. वैजूनं पिशवीतला करंडा काढला, सातही दगडांना बोट लावलं, मग निशाणाच्या कापडाला लावलं.

"माग काय मागायचं ते," आई म्हणाली.

वैजूनं डोळे मिटले. तिनं काय मागितलं ते मला विचारायची गरज नाही, तुम्हालाही नसावी.

नारळ हरीनं खडकावर फोडला. पाणी दगडांवर शिंपडलं, शेंडीचा तुकडा निशाणाच्या बुडाशी ठेवला. कापडाचा खालचा कोपरा उसवून एका दोऱ्यावर लोंबत होता. आईनं तो हळूच तोडून घेतला, कपाळाला लावला आणि कनवटीला खोचला. कुंकवाचं बोट त्यावरच उमटलं होतं.

"आता जावा," ती म्हणाली. "आता ती संबाळंल."

समोरचं पाणी मला आजही दिसतं. दोन्ही अंगांना लाटा फुटत होत्या, पांढऱ्या. मधोमध, आमच्यासमोर, एक पट्टा गुळगुळीत होता. गडद निळा. एकही लाट नाही.

"हे बघ, आपल्या विहिरीसारखं," हरी म्हणाला. "ऋतू, ये. इथं नाकातोंडात पाणी जायचं नाही."

जिथं लाट फुटत नाही तिथूनच काठावर आलेलं सगळं पाणी परत आत जातं. हे मला नंतर कळलं, तुमच्याच ठाण्याच्या भिंतीवरच्या चित्रात. ठाण्याच्या भिंतीवर, साहेब. समुद्र तिथून तीन किलोमीटर लांब आहे.

ते दोघं कमरेइतक्या पाण्यात गेले. ऋतुजा खिदळत होती. मग ती खिदळायची थांबली. मला वाटलं, तिचे पाय टेकत नाहीत म्हणून घाबरली. हरीनं तिला पकडलं. ते दोघं उभ्या उभ्या लांब जायला लागले. पोहत नव्हते. कुणीतरी सतरंजी ओढावी आणि वरची माणसं सरकावीत तसे.

"हरी, लई आत जाऊ नगं!" आई ओरडली.

त्यानं हात केला. अजून हसत होता, किंवा मला तसं वाटलं. मग त्यानं काठाकडं तोंड करून पोहायला सुरुवात केली, एका हातानं लेकीला धरून. काय पोहला! वडील असते तर बघत राहिले असते. पण विहिरीला चार भिंती असतात, आणि विहीर कुणाला मागं ओढत नाही. तो हात मारत होता आणि तिथंच होता. मग तिथंही राहिला नाही.

"ओ माणसं! या की कुणी!" वैजू त्या उंच खुर्चीकडं पळाली. वर कुणी नव्हतं. ती खुर्चीच्या शिडीला धरून हलवत होती, जणू वरून कुणी पडणार होतं.

मी पाण्यात गेले गळ्यापर्यंत. मला पोहता येत नाही. मुलींना विहिरीत कुणी शिकवत नव्हतं.

हरीनं शेवटी काय केलं ते मी बघितलं. त्यानं लेकीला दोन्ही हातांनी बाजूला ढकललं, डावीकडं, जिथं लाटा फुटत होत्या. दोनदा. दुसऱ्या वेळी ती एका लाटेत गेली आणि त्या लाटेनं तिला आमच्याकडं फेकली. मी तिची वेणी धरली. वेणी धरून ओढत काठावर आणली. वळून बघितलं तर गुळगुळीत पाणी होतं.

मालोती रबराची नळी आणि दोरी घेऊन पळत आली. दहा मिनिटांची वाट ती पळत आली होती, तिच्या तोंडाला फेस होता. तिनं पाण्याकडं बघितलं. मग मागं वळून उभ्या निशाणाकडं बघितलं, दगडांकडं, नारळाच्या शेंडीकडं. तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली.

"ये किसने खड़ा किया?" तिनं मला विचारलं.

"मेरे भाई ने."

"आठ दिन से गिरा पड़ा था, दीदी. तूफ़ान में गिरा. मैंने ऑफ़िस में बोला, दो बार बोला."

मला तिचं बोलणं तेव्हा कळलं नाही. कान होते, पण आत काही जात नव्हतं. कोळ्यांनी तासाभरानं हरीला खडकांपाशी काढला. अर्धी चड्डी तशीच होती. आईनं त्याच्यावर आपला पदर टाकला आणि फक्त एवढंच म्हणाली, "गार पडलाय गं."

दुपारी तुमच्यापुढं आम्ही दोघीच होतो. वैजू आणि ऋतुजा दवाखान्यात. बाकावर आई, ओल्या लुगड्यात, तिच्या शेजारी मी. तुम्ही चहा मागवलात. वाईट वागला नाहीत, हे मी लिहायला पाहिजे म्हणून लिहिते.

"आप लोगों ने लाल झंडा देखा था?" तुम्ही विचारलंत.

"कौन सा लाल झंडा?"

तुम्ही टेबलावरचा कॅमेरा उचललात. तुमच्या माणसानं तासाभरापूर्वी जाऊन फोटो काढला होता. पाठीमागचा छोटा पडदा माझ्याकडं केलात. "ये. ये तो दिखा होगा?"

पडद्यावर निशाण होतं. उभं, ताठ, वाऱ्यावर. खाली एका ओळीत सात दगड. शेंडी.

"दिखा था," मी म्हटलं.

"लाल झंडे का मतलब होता है, यहाँ पानी में मत उतरो. इतना तो सबको मालूम है."

तेव्हा मालोतीचं सगळं बोलणं एकदम माझ्या डोक्यात शिरलं. आठ दिवस पडला होता. दोन वेळा सांगितलं. किसने खड़ा किया. मी तोंड उघडलं. सगळं सांगायला उघडलं होतं, देवाशप्पथ.

"काय दावत्यात गं?" आईनं विचारलं.

तिला हिंदी येत नव्हती. तिनं वाकून पडद्यावर बघितलं, ओळखलं, आणि दोन्ही हात जोडले. तुमच्या कॅमेऱ्याला. कपाळ टेबलाला लागेपर्यंत ती वाकली.

"त्यास्नी सांग," ती म्हणाली, "माजा हरी निशाणापाशी गेला म्हनून लिवा. कुटंतरी परक्या पाण्यात गेला असं लिवू नगा. नारळ फोडून, उबं करून, मग गेला. आसरांनी त्याला पायाशी घेतला. ह्यो एकच जीव नेला, पोरगी सोडली. मी निशाण उबं केलं, न्हाईतर पोरगी बी गेली आसती."

मुलगा जाऊन तीन तास झालेली बाई. तिला हातात धरायला एवढीच एक गोष्ट उरली होती, आणि ती काढून घ्यायला मला एका वाक्याचं काम होतं. 'आई, ते निशाण नव्हतं.' एवढंच.

"अम्मा क्या बोल रही है?" तुम्ही विचारलंत.

"कुछ नहीं," मी म्हटलं. "भगवान का नाम ले रही है."

पण तुम्ही बघितलं होतं, साहेब. तिनं हात जोडले तेव्हा तुमचं पेन थांबलं. तुम्ही पडदा स्वतःकडं वळवलात, डोळ्यांजवळ नेलात. दगड मोजलेत, मी तुमचे ओठ हलताना बघितले. मग आईच्या पायाकडं बघितलंत. तिच्या लुगड्याला वाळू होती आणि हाताच्या बोटांना कुंकू. मग माझ्याकडं. मला वाटलं, हा माणूस आता विचारेल. विचारलंत तर सांगायचं, मराठीत नाही, हिंदीत, हळू आवाजात, असं मी ठरवलं.

तुम्ही विचारलं नाहीत. पेन पुन्हा चालायला लागलं. कागद माझ्यापुढं सरकवलात आणि मी सही केली.

सही माझी आहे. ती मी नाकारत नाही. माझं मी बघून घेईन.

गावाकडं आल्यावर लोक बोलले. पाटी वाचता येत नाही का, झेंडा कळत नाही का, शिकलेल्या माणसानं असं करावं का. पोस्टातल्या एका गृहस्थानं तेराव्याला जेवता जेवता म्हटलं, "हरीभाऊ जरा बेफिकीरच होते." मी त्याच्या पानात वाढायची थांबले. वैजू आतून म्हणाली, "वन्सं, वाढा." मी वाढलं.

वैजूला मी सहा महिन्यांनी सांगितलं. ती पोस्टात हरीच्या जागेवर लागली होती. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मी कुंकू लावलं होतं त्याला." मग म्हणाली, "आईंना कळू द्यायचं नाही." दोघींनी पाळलं. ऋतुजानं आपलं आपण ओळखलं होतं. ती आज चोवीस वर्षांची आहे आणि अजून बादलीतून तांब्यानं अंघोळ करते, डोक्यावर धार पडू देत नाही. आत्या, लाल की भगवा, असं तिनं मला एकदाच विचारलं. भगवा, मी म्हटलं. तिनं मान हलवली.

आईनं तो कापडाचा तुकडा देव्हाऱ्यात ठेवला होता. रोज त्याला फूल. सात वर्षं. दर उन्हाळ्याला विहिरीवरच्या आसरांना हरीच्या नावानं नारळ.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी टीव्हीवर बातमी लागली. कोकणातल्या कुठल्यातरी किनाऱ्यावर माणसं बुडाली होती. एक पोरगा माईक धरून सांगत होता, "जिथे लाल झेंडा लावलेला असेल तिथे पर्यटकांनी पाण्यात उतरू नये." त्याच्या मागं बांबू होता आणि बांबूला कापड. मी मशीनवर होते. पाय थांबले. आई खाली बसून शेंगा फोडत होती.

"कौशे," ती म्हणाली, "आवाज कमी कर जरा."

मी कमी केला. तिनं शेंगा फोडून संपवल्या.

दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यात तुकडा नव्हता. उंदरानं नेला असेल, वात केली असेल, असं मी मनाला सांगितलं. त्या उन्हाळ्याला ती विहिरीवर गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. त्यानंतर कधीच गेली नाही. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. एका खोलीत दोघी राहत होतो, तिची कॉट आणि माझं मशीन यांच्यात तीन हातांचं अंतर.

आषाढात ती गेली. तिची पानाची चंची मी उसवली. तंबाखूच्या कप्प्यामागं तिनं स्वतः एक कप्पा शिवला होता, वाकडे टाके, मी कधीही शिवले नसते असे. आत तो तुकडा. घडी घातलेला. कुंकवाचा डाग त्यावर नव्हता. साबणानं धुतलेला होता, चोळून चोळून, कापड विरेपर्यंत.

म्हणजे चार वर्षं तिला माहीत होतं. मला ते कळू नये म्हणून ती गप्प होती, आणि मी तिच्यासाठी गप्प होते.

दहावा झाला त्या दिवशी मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. कागद गेल्या आठवड्यात आले. पंचनामा, माझी सही, फोटो. मालोतीचा जबाब नाही. तिचं नावच कुठं नाही.

फोटो मी खूप वेळ बघितला. तोच आहे, पण तोच नाही. निशाण आहे, ताठ, वाऱ्यावर. मागं समुद्र. खाली बांबू वाळूत शिरतो त्याच्या वीतभर वरच फोटो संपतो. सात दगड नाहीत. शेंडी नाही. कात्री कुठून चालली ते मला कुणी शिकवायला नको, जन्म कापण्यात गेलाय. हा फोटो खालून कापलेला आहे.

पायथा कापलात, साहेब, पण झेंडा कापता आला नाही. त्याचा खालचा कोपरा फोटोत उसवलेला दिसतो. दुहेरी दुमड, मशीनची शिलाई, दर चौथा टाका सुटलेला. दोरा ढिला होता त्या मशीनचा. माझ्या हातातल्या तुकड्याची कड तीच आहे. दुहेरी दुमड, दर चौथा टाका सुटलेला. भिंग आणा, जो कुणी टेलर तुम्हाला मान्य असेल त्याला आणा, आणि दोन्ही शेजारी ठेवा.

मला भरपाई नको, शोक व्यक्त करणारं पत्र नको. तो झेंडा आठ दिवस पडला होता. तुमच्या पगारी माणसांपैकी एकानंही तो उचलला नाही. ज्या एका माणसानं कोपरभर खड्डा करून, दाबून, हलवून, खात्री करून तो उभा केला, त्याच्याच विरुद्ध तो झेंडा तुम्ही पुरावा म्हणून ठेवलात.

झेंडा उभा होता, एवढं तुम्ही लिहिलंत. तो कुणी उभा केला? नाव लिहा. मी उत्तराची वाट बघते.